अंतर्वास्तुविद्या व आमचे शिष्टजन

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या बोलण्यांत एक नवा वाक्प्रचार रूढ झाला आहे. "आम्हीं घराचें इंटीरियर करून घेतलें," असें गृहस्थ मोठ्या समाधानानें सांगतात; जणू काय त्यापूर्वीं त्यांच्या घराला आंतली बाजूच नव्हती! भिंतींना बाहेरची बाजू तेवढी होती, आणि कंत्राटदारानें प्लायवूडचे तक्ते ठोकून आंतली बाजू मागाहून उत्पन्न केली. या वाक्प्रचारावर हंसून तो सोडून देतां आला असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु याच गृहस्थाच्या मुलीनें बारावीनंतर "मला हाच विषय विद्यापीठांत शिकावयाचा आहे" असें म्हटलें, तर त्या घरांत काय घडतें तें पाहण्यासारखें असतें. ज्या कामासाठीं नुकतेच कित्येक लाख रुपये मोजले, त्या कामाचें शास्त्र शिकणें ही मात्र गृहस्थास हौस वाटते. "पडदे निवडायला चार वर्षें कशाला हवींत?" असें विचारून तो मुलीला गप्प बसवितो, आणि मुलगी फारच हट्टी निघाली तर "निदान आर्किटेक्ट तरी हो" या तडजोडीवर प्रकरण मिटतें.

हें मत त्या एकट्या गृहस्थाचें नव्हे. इमारत उभारणें ही विद्या, आणि तिच्या आंत माणसें राहतील कशीं हें ठरविणें ही हौस, असा भेद आमच्या सगळ्या शिष्टसमाजानें मनाशीं करून ठेवला आहे. तो विद्यापीठांच्या कारभाऱ्यांत आहे, वास्तुविशारदांत आहे, नियम करणाऱ्यांतहि आहे. या भेदाला आधार काय, एवढेंच आम्हांस येथें विचारावयाचें आहे. प्रथम नांवाविषयीं थोडें. इंग्रजींत ज्याला पूर्वीं 'इंटीरियर डेकोरेशन' म्हणत त्यालाच पुढें 'इंटीरियर डिझाइन' म्हणूं लागले, आणि आतां युरोपांतील व ऑस्ट्रेलियांतील पुष्कळ विद्यापीठें 'इंटीरियर आर्किटेक्चर' या नांवानें पदवी देतात. नांव बदलून माल तोच विकावयाचा ही व्यापारी युक्ति असावी असा संशय येणें साहजिक आहे, व कांहीं ठिकाणीं तो खराहि असेल. परंतु तिसऱ्या नांवांत अर्थ आहे. सजावट ही तयार खोलीवर चढते. अंतर्वास्तुविद्या (आम्ही या लेखांत हाच शब्द वापरूं) खोलीच बदलते. भिंत कोठें काढावी, जिना कोठून न्यावा, उजेड कोणत्या बाजूनें घ्यावा, वारा कोठून येऊन कोठें निघून जावा, आग लागली तर माणूस कोणत्या वाटेनें पळेल, हें तिचें क्षेत्र. मराठींत अजून 'गृहसजावट' हाच शब्द चालतो, व त्यामुळें वाद सुरू होण्यापूर्वींच निकाल लागून जातो.

आमच्या मतें या अवहेलनेचें मूळ शास्त्रांत नसून समाजांत आहे. आमच्या जुन्या घरांत आंतली व्यवस्था दोघांच्या हातीं असे: घरांतील बायकांच्या आणि सुताराच्या. ओसरी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांच्या ज्या मर्यादा, म्हणजे कोणी कोठपर्यंत यावें व कोणी कोठें बसावें, त्या रस्त्यावरून दिसत नसत, पण घरांतल्या प्रत्येकाला पाठ असत. कोनाडा कोणत्या उंचीवर असला म्हणजे दिव्याचा उजेड पोथीवर पडतो, रोजचीं भांडीं मांडणीच्या कोणत्या फळीवर असावीं, उतरंड कोणत्या कोपऱ्यांत रचली म्हणजे तिला मुलांचा पाय लागत नाहीं, फडताळाची कडी किती उंच असावी, हें सारें ज्ञान होतें. नुसती संवय नव्हती. परंतु बायकांनीं तें लिहून ठेवलें नाहीं, कारण त्यांना लिहावयास कोणी शिकविलें नव्हतें; आणि सुतारानें तें आपल्या मुलाच्या हातांत ठेवलें, कागदावर नाहीं. पुढें १८५७ सालीं मुंबईचें विद्यापीठ स्थापन झालें, त्याच वर्षीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून कलाशाळाहि निघाली, व १९१३ सालीं त्या शाळेंत वास्तुविद्येचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. ज्या विद्येजवळ नकाशा व गणित होतें ती वरच्या पंक्तीला बसली. जी चुलीजवळ व रंध्याजवळ होती तिच्यासाठीं पाट मांडला गेला नाहीं. हा निवाडा गुणांवरून झालेला नाहीं. विद्या कोणाच्या हातीं होती, एवढेंच पाहून तो झाला.

त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे आम्ही गात नाहीं. तींत सोवळें-ओवळें होतें, विटाळशीचा अंधारा कोपरा होता, आणि अंगणाच्या अलीकडे ज्यांना पाऊल टाकतां येत नसे अशीं माणसें होतीं. पण म्हणूनच घराची आंतली रचना हा विद्यापीठाचा विषय आहे. समाजाचे पुष्कळसे अन्याय कायद्याच्या पुस्तकांत शोधावे लागतात. घराच्या नकाशांत ते उघडे पडलेले असतात.

हा दोष केवळ आमचाच आहे असें समजून कपाळ बडवून घेण्याचें मात्र कारण नाहीं. १९२७ सालीं शार्लोत पेरियाँ ही तरुणी पॅरिस शहरीं ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुविशारदाकडे काम मागावयास गेली. ती शोभाकलांच्या शाळेंत शिकलेली. येथें उशांवर भरतकाम करीत नाहींत, असें सांगून त्यानें तिची बोळवण केली, असा वृत्तांत तिनेंच पुढें दिला आहे. थोड्याच दिवसांनीं एका प्रदर्शनांत तिनें धातूंच्या सामानानें मांडलेली बैठक पाहिल्यावर त्याच गृहस्थानें तिला बोलावून घेतलें. आणि आज ज्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्या त्याच्या नांवानें जगभर विकल्या जातात, त्यांच्या घडणींत तिचा मोठा हात होता.

उशांचा विषय निघालाच आहे तर आणखी कांहीं उशांची हकीकत सांगितली पाहिजे. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत फॉग कलासंग्रहालयाचें नवें व्याख्यानगृह तयार झालें. इमारत देखणी, पण आंत व्याख्यात्याचें बोलणें कळेना. उच्चारलेला शब्द रिकाम्या दालनांत सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्या वेळांत पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर येऊन आदळत. विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं हें काम वॉलेस सॅबिन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकाकडे सोंपविलें. सॅबिननें जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींवरच्या उशा उचलून आणविल्या. शहर निजल्यावर त्या दालनांत मांडावयाच्या, ऑर्गनच्या एका नळीचा सूर काढावयाचा, तो विरण्यास किती वेळ लागतो हें मोजावयाचें. मग आणखी उशा, पुन्हां मोजणी, आणि उजाडण्यापूर्वीं सगळ्या उशा परत जागच्या जागीं! खोलीचें घनफळ आणि तींतील आवाज शोषून घेणारे पृष्ठभाग यांचा निनादाशीं जो संबंध आहे त्याचें सूत्र या खटाटोपांतून निघालें, व १९०० सालीं उघडलेलें बॉस्टनचें सिंफनी हॉल त्याच सूत्राच्या आधारें रचलें गेलें. म्हणजे फ्रान्समधला थोर वास्तुविशारद ज्या वस्तूचें नांव घेऊन एका मुलीला दारांतून परत पाठवीत होता, ती वस्तु त्यापूर्वीं तीस वर्षें अमेरिकेंत पदार्थविज्ञानाची सामग्री ठरून बसली होती. पडदे निवडायला चार वर्षें कशाला, असें विचारणाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पडदा किती जाड असावा, कोठें असावा व त्यानें किती आवाज गिळावा हें सॅबिनलाहि एका रात्रींत समजलें नाहीं.

येथें आमच्या अनुभवांतील एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. ज्या महाविद्यालयांत आम्ही पुष्कळ वर्षें शिकवीत आलों, तेथील जुन्या व्याख्यानगृहाचें नूतनीकरण झालें. उंच लांकडी छत होतें, त्याखालीं चकचकीत खोटें छत आलें. खिडक्या कायमच्या बंद होऊन कांचा बसल्या. फरशीवर गुळगुळीत लाद्या आणि भिंतींवर आरशासारखे तक्ते आले. उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांनीं वाहवा केली. तेव्हांपासून तिसऱ्या बांकापलीकडे आमचें व्याख्यान पोंचत नाहीं, आणि ध्वनिवर्धक लावला तर आमचाच आवाज आम्हांस खोडून काढतो. वीज गेली कीं खोलीचें तळघर होतें. नूतनीकरणाच्या समितींत हिशेबनीस होते, अभियंता होते, दोन विश्वस्त होते. खोलीच्या आंत काय घडतें याचा अभ्यास केलेलें माणूस एकहि नव्हतें. असें माणूस असतें हेंच समितीला ठाऊक नव्हतें.

वास्तुविशारदांचा आक्षेप निराळा व अधिक सभ्य आहे. ते म्हणतात, ही आमच्याच विद्येची एक फांदी. जो सबंध इमारत रचूं शकतो तो तिची आंतली बाजूहि रचूं शकतो. मग स्वतंत्र पदवी कशाला? ऐकावयास हें बरोबर वाटतें. परंतु वास्तुविशारदाचा आरंभ बहुधा मोकळ्या जमिनीपासून होतो. अंतर्वास्तुविशारदाचा आरंभ दुसऱ्यानें, आणि पुष्कळदां केव्हांच मरून गेलेल्या माणसानें, बांधलेल्या इमारतींत होतो. पहिल्याला कल्पना लागते, दुसऱ्याला आधीं वाचन लागतें. आम्ही साहित्याचे अध्यापक असल्यानें आमच्या भाषेंत सांगावयाचें तर हा कवि आणि टीकाकार यांच्यांतला भेद आहे. मल्लिनाथाला कालिदास होतां आलें नसतें हें खरें. पण कालिदासानें मल्लिनाथाचें काम जातां जातां उरकलें असतें, असें कोणी म्हणूं नये.

पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास तो राहण्यासाठीं बांधविला. १८२१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा भरूं लागली. पुढें इंग्रजी शाळा आली, नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या, टपालकचेरी आली. वाडा तोच, आंतला संसार दर पिढीला वेगळा. ज्यानें वाडा बांधविला त्याचें नांव शाळकरी मुलासहि पाठ आहे. ज्यांनीं तो चार-पांच वेळां आंतून बदलून चालता ठेवला त्यांचीं नांवें कोणी विचारीत नाहीं. आमच्या जुन्या शहरांतून यापुढें हेंच काम वाढावयाचें आहे. गिरण्यांत कचेऱ्या बसल्या, बंगल्यांत रुग्णालयें बसलीं, वाड्यांत वसतिगृहें बसलीं. आणि बहुतेक ठिकाणीं तीं बसलीं म्हणण्यापेक्षां कोंबलीं म्हणणें अधिक खरें होईल. मुंबईच्या १९९५ च्या वारसा-नियमावलींत इमारतींच्या तीन प्रती पाडल्या. पहिल्या प्रतीच्या इमारतींना आंतबाहेर संरक्षण मिळालें. दुसरीच्या व तिसरीच्या बाबतींत मात्र आंतले बदल सामान्यतः करूं द्यावे असें धोरण ठरलें. दर्शनी भाग राखला कीं वारसा राखला! इराण्यांच्या हॉटेलांतील संगमरवरी टेबलें, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतभर आरसे, गल्ल्यामागचें कांचेचें कपाट, यांचें मिळून जें एक मुंबईपण होतें, तें रस्त्याकडच्या कमानीला धक्का न लावतां नाहींसें करण्याची सोय अशी नियमानेंच झाली.

पदवी कोणाजवळ असावी हा वाद इटालींतहि होऊन गेला. व्हेरोना येथील कास्तेलव्हेक्किओ या मध्ययुगीन किल्ल्यांत कार्लो स्कार्पानें संग्रहालयाची जी आंतली रचना केली, ती पाहावयास आज सर्व जगांतून वास्तुविद्येचे विद्यार्थी जातात. या मनुष्याजवळ वास्तुविशारदाचा परवाना नव्हता, व त्यापायीं त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो व्हेनिसच्या वास्तुविद्यापीठांत शिकवीत असे, पुढें त्याचा प्रमुखहि झाला. परवाना नव्हता तो नव्हताच. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें 'आर्किटेक्ट' या नांवाला कुंपण घातलें. १७ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, तें कुंपण नांवापुरतें आहे. नोंदणी नसलेल्यानें रचनेचें कामच करूं नये अशी मनाई त्या कायद्यांत नाहीं. अंतर्वास्तुविशारदाच्या नांवाला तर तेवढेंहि कुंपण नाहीं. सकाळीं पाटी लावावी आणि दुपारीं लोकांच्या भिंती फोडावयास निघावें. ज्या वास्तुविशारदांना या अनागोंदीचा राग येतो त्यांनीं स्वतंत्र विद्येला विरोध करावा, हें आम्हांस कोडें वाटतें; अभ्यासाची वाट बंद केल्यानें पाट्या कमी होत नाहींत.

कोणी म्हणेल, हे सगळे रसिकांचे लाड झाले. चुकलें तर खोली कुरूप दिसेल, यापलीकडे काय व्हावयाचें आहे? १३ जून १९९७ रोजीं दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत खेळ चालू असतांना तळमजल्यावरील विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली. धूर वर बाल्कनींत चढला. बाल्कनींत मूळ मांडणीपेक्षां जास्त खुर्च्या बसविलेल्या होत्या. उजव्या बाजूची ये-जा करण्याची वाट त्या खुर्च्यांनीं बुजली होती, आणि त्या बाजूचें दार आठ आसनांच्या एका खास कक्षाआड गेलें होतें. ५९ माणसें गुदमरून मेलीं. ट्रान्सफॉर्मरची हेळसांड होती, दुसरेहि दोष होते, व त्या सर्वांची न्यायालयांत वर्षानुवर्षें चर्चा झाली. पण माणसें अडकलीं तीं खुर्च्यांच्या मांडणींत. खुर्च्या कशा मांडाव्या, याहून क्षुल्लक व 'बायकी' प्रश्न आमच्या शिष्टांना दुसरा सुचणार नाहीं! २०१७ च्या डिसेंबरअखेरीस मुंबईंत कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसें गेलीं, तेव्हांहि परवान्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. परवाना पाहिजेच, परंतु आच्छादन कशाचें असावें व गर्दी कोणत्या वाटेनें उतरावी याचें ज्ञान परवान्याच्या कागदांत आपोआप उतरत नाहीं. तें कोणी तरी शिकलेलें असावें लागतें.

आगीसारखें जें दिसत नाहीं त्याचीहि गोष्ट तीच. आमच्या नव्या घरांतील बहुतेक कपाटें प्लायवूडचीं किंवा भुशाच्या दाबलेल्या तक्त्यांचीं असतात, व ते थर पुष्कळदां युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या राळेनें चिकटविलेले असतात. तींतून हळूहळू जो वायु सुटतो त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं मनुष्यास निश्चित कर्करोगकारक अशा वर्गांत घातलें. कमी वायु सोडणारे तक्ते मिळतात. पण ते मागावयास ठाऊक असावें लागतें. "नव्या फर्निचरचा वास" म्हणून ज्याचें कौतुक होतें त्याच बंद खोलींत आम्ही पाळणा बांधतों.

आतां स्वयंपाकघराकडे येऊं, कारण या वादांत तेंच सर्वांत मोलाचें साक्षीदार आहे. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की ही व्हिएन्नाच्या कला-उद्योगशाळेंत वास्तुविद्या शिकलेली स्त्री. जर्मनींत फ्रांकफुर्ट शहरीं तेव्हां सामान्य लोकांसाठीं हजारों घरें बांधलीं जात होतीं. १९२६ सालीं त्यांच्यासाठीं तिनें स्वयंपाकघर रचलें. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतील मुदपाकखाना, जेथें चिंचोळ्या जागेंत पुष्कळ माणसांचें अन्न शिजतें, तो तिनें अभ्यासला. गृहिणीला कोणत्या कामासाठीं किती पावलें टाकावीं लागतात याचा हिशेब केला. सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशी ती खोली, आणि तशीं जवळजवळ १०,००० स्वयंपाकघरें त्या शहरांत बसविलीं गेलीं. पुढें तिच्यावर टीकाहि झाली: खोली एकट्या बाईपुरती, दुसऱ्याला शिरावयास जागा नाहीं, म्हणजे बाई एकटी कोंडली गेली. आमच्या मतें टीका रास्त आहे. परंतु टीकेला जो आधार लागतो, म्हणजे मापें, नकाशे आणि कारणें, तो तिनें ठेवला होता. आमच्या ओट्यावर टीका करावयाची तर कोणाला धरावें?

आमच्या आज्या बसून स्वयंपाक करीत. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पोळपाट जमिनीवर. मग एक-दोन पिढ्यांच्या आंत शहरांतील बाई उठून उभी राहिली. शरीराच्या रोजच्या हालचालींत एवढी मोठी क्रांति क्वचितच होते. पण राजकीय क्रांत्यांवर व्याख्यानें देणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना ही क्रांति दिसली नाहीं, कारण ती माजघरापलीकडे झाली. पाश्चात्त्य घरांत ओट्याची रूढ उंची ३६ इंच. तेथल्या माहितीपुस्तकांतून ती उंची निघाली आणि आमच्या पांच फूट उंचीच्या बाईपुढें येऊन उभी राहिली. त्या उंचीवर भाजी कशीबशी चिरतां येते. पोळी लाटतां येत नाहीं. लाटण्यावर अंगाचा भार यावयाचा तर हात कोपरापासून खालीं उतरला पाहिजे. येथें खांदाच वर उचलावा लागतो. वीस पोळ्या लाटल्यावर खांदा दुखतो, त्यावर घरांत तेल चोळतात, दवाखान्यांत गोळी देतात, आणि दोष बाईच्या वयाला लागतो. भारतीय स्त्रीपुरुषांच्या शरीरांचीं मापें घेऊन देबकुमार चक्रबर्ती यांनीं सिद्ध केलेला ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनें १९९७ सालीं प्रसिद्ध केला. आमच्या शहरांत त्यानंतर लक्षावधि ओटे बांधले गेले. त्यांपैकीं किती बांधणाऱ्यांनीं, गवंड्यानें ओळंबा धरण्यापूर्वीं, घरांतल्या बाईला कोपर वांकवून उभी राहावयास सांगितलें असेल?

आणि हा तर ज्यांच्या घरांत ओटा स्वतंत्र खोलींत असतो त्यांचा प्रश्न झाला. मुंबईच्या विकास खात्यानें १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत गिरणीकामगारांच्या कित्येक पिढ्यांनीं पोटमाळे घातले, दोऱ्यांवर संसार टांगले, एका पडद्यानें एकाच खोलीच्या दिवसांतून तीन खोल्या केल्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचें क्षेत्र आधीं २२५ चौरस फूट होतें, मग २६९ झालें, आणि २०१८ पासून अंमलांत आलेल्या नियमावलींत तें ३०० झालें. हे आंकडे वाढले ही चांगली गोष्ट आहे. पण त्या ३०० फुटांत पांच माणसें निजतात कशीं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची खाट कोठें बसते, दहावीची मुलगी रात्रीं दिवा कोठें लावते, नवपरिणीत जोडपें काय करतें, हें शास्त्र कोणी शिकावयाचें? ज्याच्यापाशीं तीन हजार फूट आहेत त्याची एखादी चूक जागेंतच मुरून जाते; ज्याच्यापाशीं तीनशें आहेत त्याला दाराची बिजागरी उजवीकडे कीं डावीकडे यावरून खाट मिळते किंवा जाते. ही विद्या श्रीमंतांची आहे हा आमच्यांतील सर्वांत हट्टी गैरसमज आहे, व तो श्रीमंतांपेक्षां मध्यमवर्गानेंच जास्त जपला आहे.

येथवर वाचून ज्या विद्यापीठांनीं या विषयाच्या पदव्या काढल्या आहेत त्यांचे कारभारी प्रसन्न झाले असतील. त्यांनीं घाई करूं नये. विषय विद्यापीठाचा आहे असें म्हणणें निराळें, आणि विद्यापीठांतून आज जें विकलें जातें तें विद्या आहे असें म्हणणें निराळें. माहितीपत्रकें गुळगुळीत कागदावर, शुल्क गृहस्थाचें डोळे पांढरे करणारें, आणि अभ्यास म्हणजे संगणकावर खोल्यांचीं चित्रें काढणें. चित्र इतकें हुबेहूब कीं, खिडकी पश्चिमेला असून आंत सकाळचें कोंवळें ऊन पडलेलें असलें तरी परीक्षकाच्या लक्षांत येत नाहीं. आम्हांस अशा कांहीं प्रदर्शनांना जाण्याचा योग आला. समुद्रकांठचीं विश्रामगृहें होतीं, दागिन्यांचीं दुकानें होतीं, कोणा काल्पनिक कोट्यधीशाच्या पोहण्याच्या तलावाकडे उघडणारीं शयनगृहें होतीं. सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्णांची खोली, एस. टी. स्थानकाचा प्रतीक्षाकक्ष, जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, यांपैकीं एकहि चित्र आम्हीं पाहिलें नाहीं. लांकूड कोणतें, असें एका विद्यार्थ्यास विचारलें तर त्यानें रंगाचा क्रमांक सांगितला. त्याच्याकडे दोष नाहीं. त्याला रंधा कोणी हातीं दिलाच नव्हता.

वास्तविक ही परंपरा आमच्याकडे नव्हती असें नाहीं. मुंबईच्या त्याच कलाशाळेंत १८९० च्या सुमारास लॉर्ड रे यांच्या नांवानें कारखाने निघाले, व तेथें सुतारकाम, धातुकाम यांसारखे उद्योग शिकविले जात. अहमदाबादच्या सेप्टमध्यें १९९१ पासून हा अभ्यास स्वतंत्रपणें चालतो, व तेथील मंडळींनीं गुजरातेंतल्या जुन्या लांकडी सामानाची घरोघर जाऊन पाहणी केली. कोंकणांतलें माजघर, देशावरचा सोपा, गिरणगांवची खोली यांची तशी पाहणी करण्यास महाराष्ट्रांतील विद्यापीठांना कोणाची हरकत आहे? जुन्या हाताचा सुतार अध्यापक म्हणून वर्गांत यावा, त्याला मानधन मिळावें, आणि तो बोलतो तें विद्यार्थ्यांनीं उतरून घ्यावें, एवढ्यासाठीं नव्या इमारतीची गरज नाहीं. त्याच्याजवळ पदवी नाहीं ही अडचण नियमावलीची आहे, विद्येची नव्हे. दुसऱ्या बाजूनें, त्याच वर्गांत अग्निशमन दलाचा अधिकारी, दृष्टिहीनांच्या शाळेंतील शिक्षक, आणि रोज शंभर लोकांचा स्वयंपाक करणारी बाई यांनीं येऊन बोललें पाहिजे. ज्या अभ्यासक्रमांत यांना जागा नाहीं त्याला आम्ही तरी दुकानदारीच म्हणूं.

म्हणून आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं हा वाद सध्यां चालू असेल त्यांस आमची विनंति अशी कीं, मुलीला किंवा मुलाला अडवूं नका, पण महाविद्यालयाला मात्र अडवा. पहिल्या वर्षीं विद्यार्थी एखादें राहतें घर हातानें मोजतात काय, आणि मोजतांना त्या घरांतल्या माणसांशीं बोलतात काय, हें विचारा. पदवीपूर्वीं त्यांनीं एक तरी जुनी खोली खरोखर दुरुस्त करून कोणाच्या ताब्यांत दिली काय, आणि वर्षभरानें ती पाहावयास कोणी परत गेलें काय, हें विचारा. माहितीपत्रक देऊं केलें तर नम्रपणें परत करा, स्वागतकक्षांतील मऊ आसनावर बसूं नका, आणि लांकूडकामाची खोली आधीं दाखवा म्हणून सांगा. तेथें जमिनीवर भुसा पडलेला नसेल तर बाकीची इमारत पाहण्यांत वेळ घालवूं नये.